अमेलुझ जेल आणि लाल दिव्याची ट्रीटमेंट (फोटोडायनॅमिक थेरपी) – सासऱ्यांच्या डोक्यावरच्या चट्ट्यांसाठी घेतली, सविस्तर लिहितेय

रेटिंग: ५ पैकी ४

आधीच सांगते, जेलनी काम केलं आणि छान केलं, एक स्टार कापलाय तो दिव्याखालच्या दुखण्यासाठी. हे दुखणं टाळता येण्यासारखं असतं आणि तरी आधी कोणी नीट बोलत नाही. ज्यांच्या घरात कोणाला ही ट्रीटमेंट सुचवलीय त्यांनी हे पूर्ण वाचा, आणि भारतात जे पिंपल्ससाठी किंवा "ग्लो"साठी हेच करायचं म्हणतायत त्यांनी खाली आपल्या स्किनबद्दल लिहिलंय ते नक्की वाचा.

आम्ही जर्मनीत राहतो, नवरा जर्मन. सासऱ्यांना मुलं ओपा म्हणतात म्हणून मीही ओपाच म्हणते. ओपांनी आयुष्यभर छपरं घालायचं काम केलं, उन्हाळाभर सकाळपासून संध्याकाळपर्यंत कौलांवर, डोक्यावर टोपी नाही, सनस्क्रीन हा शब्दही तेव्हा कोणी ऐकला नव्हता, आणि टक्कल लवकर पडलेलं. गोरीपान पातळ कातडी. आता टाळूवर, कपाळावर आणि कानांच्या वरच्या कडेला खरखरीत चट्टे आलेत जे डोळ्यांपेक्षा हाताला आधी कळतात, बोट फिरवलं की सँडपेपर लागल्यासारखं वाटतं. याला अ‍ॅक्टिनिक केराटोसिस म्हणतात. वर्षानुवर्षं अंगावर घेतलेल्या उन्हानी कातडीच्या वरच्या थरातल्या पेशी बिघडतात. हा अजून कॅन्सर नसतो, पण त्यातला एखादा चट्टा पुढे स्क्वॅमस सेल नावाचा कातडीचा कॅन्सर होऊ शकतो आणि नेमका कुठला होईल ते बघून सांगता येत नाही, म्हणून डॉक्टर सगळ्याच चट्ट्यांचा बंदोबस्त करायचा म्हणतात. शिवाय जो भाग डोळ्यांना साधा दिसतो तोही आतून बिघडलेला असू शकतो, त्यामुळे एकेक चट्टा गाठून जाळण्यापेक्षा अख्ख्या भागाला ट्रीटमेंट द्यायची अशी कल्पना आहे. ओपांच्या बाबतीत तेच ठरलं.

आता प्रॉडक्टबद्दल. अमेलुझ म्हणजे २ ग्रॅमची छोटी ट्यूब, फ्रिजमध्ये ठेवायची, प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळत नाही. लेव्हरकुसेनच्या बायोफ्रॉन्टेरा कंपनीचं आहे, युरोपात २०११ मध्ये मंजुरी मिळाली, अमेरिकेत २०१६ मध्ये. आत १० टक्के अमिनोलेव्हुलिनिक अ‍ॅसिड हायड्रोक्लोराइड. याच घराण्यातलं मेटविक्स नावाचं क्रीमपण आहे, ते मूळचं नॉर्वेचं, आणि अमेरिकेत लेव्हुलान १९९९ पासून आहे, ते लावून वर निळा दिवा देतात.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे हे औषध बाहेरून आणलेलं काही जालीम विष नाहीये. अमिनोलेव्हुलिनिक अ‍ॅसिड आपल्या सगळ्यांच्या शरीरात रोज बनतं, रक्त ज्याच्यामुळे लाल दिसतं ते हीम बनवायची ती सुरुवातीची पायरी आहे. जेलमधून पेशीला हे भरपूर मिळालं की पेशी आपली नेहमीची कामं करत पुढे जाते आणि प्रोटोपॉर्फिरिन नाइन नावाचा पदार्थ बनवते, शेवटच्या पायरीला त्यात लोह बसवलं की झालं हीम. पण बिघडलेल्या पेशींमध्ये ही लोह बसवायची पायरी मंद पडलेली असते, वरून त्यांच्यावरची कातडी तडकलेली असल्यामुळे जेल आत जास्त शिरतं, मग पॉर्फिरिन तिथेच साठत जातं. आणि पॉर्फिरिनवर उजेड पडला की ते शेजारच्या ऑक्सिजनला आपली ऊर्जा देऊन टाकतं, तो ऑक्सिजन एकदम आक्रमक होतो आणि जिथे बनला तिथेच पेशी फोडतो, लांब जाऊच शकत नाही, त्याच्या आधीच संपतो. म्हणजे औषध, उजेड आणि ऑक्सिजन तिन्ही एका जागी आले तरच काहीतरी होतं, नुसतं जेल लावून अंधारात बसलं तर काही नाही, नुसता लाल दिवा घेतला तरी काही नाही. चांगल्या पेशी बऱ्याचशा वाचतात त्या यामुळे.

ही कल्पना नवीन नाहीये बरं का. १९०० साली म्युनिकला ऑस्कर राब नावाचा मेडिकलचा विद्यार्थी पाण्यातल्या एकपेशीय जीवांवर अ‍ॅक्रिडीन या रंगाचा परिणाम बघत होता आणि त्याला दिसलं की उजेडात ते मरतात, अंधारात जगतात. त्याचे प्रोफेसर फॉन टाप्पायनर यांनी मग काही वर्षांतच इओसिन हा रंग लावून आणि उजेड देऊन स्किन कॅन्सरवर प्रयोग केले. १९१२ मध्ये मायर-बेट्झ नावाच्या डॉक्टरनी स्वतःला हिमॅटोपॉर्फिरिनचं, म्हणजे पॉर्फिरिनच्याच एका प्रकाराचं, इंजेक्शन टोचून घेतलं, आणि ऊन लागल्यावर चेहरा प्रचंड सुजला, पुढे कितीतरी दिवस त्यांना उजेड सहन होईना. शिरेतून द्यायची औषधं आजही तशीच जड आहेत. फोटोफ्रिन नावाचं जे औषध अन्ननलिकेच्या कॅन्सरसाठी अमेरिकेत १९९५ मध्ये आलं ते दिल्यावर पेशंटला निदान ३० दिवस ऊन टाळावं लागतं. त्यापुढे वरून लावायचं जेल किती सुटसुटीत! इथे फक्त लावलेला भाग ४८ तास उजेडापासून जपायचा, बाकी माणूस मोकळा.

ट्रीटमेंटचा दिवस असा असतो. आधी खपल्या काढतात, क्युरेट नावाची बारीक गोल धारेची पट्टी असते तिनी हळूहळू खरवडतात, रक्त येऊ न देता, मग अल्कोहोलच्या बोळ्यानी कातडी पुसून तेलकटपणा काढतात. हे काम निगुतीनी झालंच पाहिजे, खपली राहिली तर जेल आत जाणार कसं. मग ग्लोव्ह्ज घालून साधारण एक मिलिमीटर जाडीचा थर, डोळे, नाकपुड्या आणि तोंडापासून थोडं लांब. दहा मिनिटं सुकू द्यायचं, वरून उजेड न लागणारं ड्रेसिंग, आणि ३ तास बसा. ओपांनी पेपर वाचला, मी स्वेटर विणला. कंटाळा येतो एवढंच, काही होत नाही, नुसतं थोडं चुणचुणतं. घरून खायला घेऊन जा.

ड्रेसिंग काढल्यावर नर्सनी खोलीत अंधार केला आणि डोक्यावर जांभळट निळा दिवा धरला, आणि जिथे जिथे पॉर्फिरिन साठलं होतं तिथे तिथे डोकं चक्क गुलाबी-लाल चमकायला लागलं. जे चट्टे आम्हाला माहीत होते ते तर होतेच पण मधल्या साध्या दिसणाऱ्या कातडीवरपण ठिपके ठिपके. मी फोटो काढला आणि ओपांना दाखवला, ते कितीतरी वेळ बघत राहिले. "हे सगळं छपरावरचं" एवढंच म्हणाले. डॉक्टर अख्ख्या भागाला का द्या म्हणत होते ते मला तेव्हा डोळ्यांनी पटलं.

याच चमकण्याचा उपयोग मेंदूच्या ऑपरेशनमध्ये करतात हे मला नंतर वाचून कळलं. ग्लायोमाच्या, म्हणजे मेंदूतल्या एका प्रकारच्या गाठीच्या, पेशंटला भूल द्यायच्या काही तास आधी हेच अमिनोलेव्हुलिनिक अ‍ॅसिड पाण्यातून प्यायला देतात, मग निळ्या उजेडात मायक्रोस्कोपखाली गाठ लालसर चमकते आणि सर्जनला गाठीची कड कळते. युरोपात त्याला २००७ मध्ये मंजुरी मिळाली, मुंबईला टाटा मेमोरियलमध्येही वापरलं गेलंय. तिथे ते पेशी मारायला नाही तर दाखवायला वापरतात, पण मॉलेक्यूल तोच.

आता दिवा. लाल एलईडी, ६३५ नॅनोमीटरच्या आसपासचा उजेड, डोक्यापासून चार बोटांवर आणतात, सगळ्यांना गॉगल. साधारण १० मिनिटांचं काम. आणि ही १० मिनिटं वाईट होती. ओपा तक्रार करणाऱ्यांतले नाहीत, हातात खिळा घुसला तरी पट्टी बांधून काम पुरं करणारा माणूस, पण पहिल्या दोन-तीन मिनिटांतच त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि घामानी शर्ट भिजला. डोक्यावर निखारे ठेवलेत असं म्हणाले. नर्सनी गार हवेचा पाइप धरला, पाण्याचा फवारा मारला, मध्ये एकदा दिवा बंद करून थांबली, त्यानी बरं वाटलं पण पूर्ण थांबलं नाही. दिवा बंद झाल्यावर मात्र दुखणं झपाट्यानी उतरलं.

माझा राग इथे आहे. आमच्या क्लिनिकच्या माहितीपत्रकात "किंचित जळजळ जाणवू शकते" असं लिहिलं होतं. किंचित?! डोकं आणि चेहरा इथे, आणि भाग जितका मोठा तितकं जास्त दुखतं हे या ट्रीटमेंटबद्दल सगळ्या जगाला माहीत आहे. कपाळ आणि टाळूसाठी नर्व्ह ब्लॉक देता येतो, म्हणजे दाताच्या डॉक्टरकडे देतात तसं बधिर करायचं इंजेक्शन, आणि त्यानी दुखणं खूप कमी होतं, हे मला नंतर डॉक्टरनी मी विचारल्यावर सांगितलं. पंचाहत्तरीच्या पुढच्या माणसाला हे आधी विचारायला काय हरकत होती? म्हणून तुम्ही जाणार असाल तर अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर विचारा की नर्व्ह ब्लॉक देता का, गार हवेचं मशीन आहे का, मध्ये थांबता येतं का.

नंतरचं सांगते. त्याच संध्याकाळी डोकं लालभडक, कपाळ सुजून सूज भुवयांपर्यंत उतरली, दुसऱ्या दिवशी जास्त दिसली. मग खपल्या धरल्या, मग सोलून निघाल्या, दोन आठवड्यांत बहुतेक सगळं साफ. पहिले ४८ तास घरात पडदे ओढून, बाहेर जायची वेळ आलीच तर जाड कापडाची टोपी, कारण सनस्क्रीन इथे पुरत नाही, ते साध्या दिसणाऱ्या उजेडाला अडवत नाही आणि पॉर्फिरिन त्याच उजेडानी पेटतं. हे खूप लोकांना माहीत नसतं.

रिझल्ट तीन महिन्यांनी तपासतात आणि काही उरलं असेल तर परत करतात. ओपांच्या टाळूवरचे जवळजवळ सगळे गेले. हात फिरवला तर गुळगुळीत लागतं. आणि व्रण नाही, हे महत्त्वाचं, आधी एकदा लिक्विड नायट्रोजननी जाळलेल्या जागांवर पांढरे डाग कायमचे राहिलेत ते अजून दिसतात, या ट्रीटमेंटनंतर तसं काही नाही, उलट कातडी आधीपेक्षा चांगली दिसते. कानाच्या कडेचे दोन-तीन आणि कपाळाच्या बाजूचा एक मात्र राहिले.

आकडे बघायचे असतील तर, अमेलुझच्या मोठ्या तुलनेत शेवटच्या ट्रीटमेंटनंतर १२ आठवड्यांनी ७८ टक्के पेशंटचे सगळे चट्टे पूर्ण गेलेले होते, मेटविक्सच्या गटात ६४ टक्के, आणि औषध नसलेलं खोटं जेल लावलेल्यांत १७. आणि त्यातही अरुंद पट्ट्याचा, म्हणजे ठरावीक रंगाचाच उजेड देणारा, एलईडी दिवा वापरला तिथे रिझल्ट जास्त चांगले आले, म्हणून दिवा कुठला आहे हेही विचारा, जुने दिवे अजून काही ठिकाणी चालू असतात.

पण प्रामाणिकपणे दुसरी बाजूपण लिहिते, कारण मी निर्णय घेताना हे वाचलं होतं. २०१९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये नेदरलँड्सचा एक अभ्यास आला, डोक्यावरच्या अशाच चट्ट्यांचे ६२४ पेशंट, चार ट्रीटमेंटची तुलना. वर्षभरानंतर फ्लुरोयुरॅसिल क्रीम लावलेल्यांत जवळजवळ ७५ टक्के लोकांचा रिझल्ट टिकून होता, इमिक्विमॉड या दुसऱ्या क्रीममध्ये ५४ टक्के, फोटोडायनॅमिकमध्ये ३८ टक्के. तिथे मेटविक्सचं औषध वापरलं होतं, अमेलुझ नाही, तरीपण फरक मोठा आहे. म्हणजे नुसतं आकड्यांवर जायचं तर साधं, कितीतरी जुनं फ्लुरोयुरॅसिल क्रीम पुढे आहे. मग आम्ही ते का नाही घेतलं? कारण ते दिवसातून दोनदा ४ आठवडे लावायचं, त्या काळात डोकं लाल, ओलं, खपल्यांनी भरलेलं, आणि ओपा एकटे राहतात, विसरतात, आणि तिसऱ्या दिवशी "हे मला जमत नाही" म्हणून ट्यूब कपाटात टाकतील हे नवऱ्याला आणि मला दोघांनाही पक्कं माहीत होतं. अर्धवट लावलेल्या क्रीमपेक्षा डॉक्टरच्या हातानी एका दिवसात पूर्ण झालेली ट्रीटमेंट बरी. तुमच्या घरातला पेशंट शिस्तीचा असेल, किंवा लावून द्यायला कोणी असेल, तर क्रीमचा विचार आधी करा असं मी म्हणेन.

उरलेल्या चट्ट्यांसाठी डॉक्टरनी दिव्याऐवजी दिवसाच्या उजेडात करू म्हटलं, आणि मी सांगते, हे पहिल्यांदाच का नाही केलं! ही पद्धत कोपनहेगनच्या डॉक्टरांनी काढली. जेल तेच, पण आधी सनस्क्रीन लावायचं, ते झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड नसलेलं पाहिजे कारण ते पांढरे कण लागणारा उजेडही परतवतात, मग खपल्या काढून जेलचा पातळ थर, ड्रेसिंग नाही, आणि अर्ध्या तासाच्या आत बाहेर जाऊन सलग २ तास उजेडात. ऊन कडक लागतं असं नाही, ढगाळ चालतं, फक्त पाऊस नको आणि थंडी १० डिग्रीच्या खाली नको. नंतर धुऊन टाकायचं आणि घरात. ओपा बागेत बसून घेवड्याचे वेल बांधत होते, मधूनमधून थोडं चुरचुरतंय म्हणाले, बस्स. कारण सोपं आहे, दिव्यात तीन तास साठलेलं सगळं पॉर्फिरिन एका दमात पेटतं, बागेत ते जसं बनतं तसं थोडं थोडं जळत जातं. ऑस्ट्रेलियात मेटविक्स वापरून दोन्हीची तुलना केली तेव्हा दुखण्याचे मार्क दहापैकी दिव्याला ५.७ आणि उजेडाला ०.८ आले, आणि चट्टे जायचं प्रमाण ९३ आणि ८९ टक्के, म्हणजे जवळपास सारखंच. फक्त जाड, टणक झालेल्या चट्ट्यांना हे पुरत नाही, आणि इथल्या हिवाळ्यात करता येत नाही. पातळ चट्टे आणि मोठं टक्कल असेल तर वसंत ऋतूपर्यंत थांबा आणि हेच मागा. दिवसाच्या उजेडातल्या या ट्रीटमेंटला मी पाचपैकी पाच देईन.

आता आपल्या लोकांसाठी. आपल्या सावळ्या कातडीत मेलॅनिन भरपूर, त्यामुळे ओपांसारखे चट्टे आपल्यात खूप कमी दिसतात. ज्यांच्यात जन्मतः मेलॅनिन नसतं, म्हणजे अल्बिनिझम असलेले लोक, त्यांची गोष्ट वेगळी, शेतात उन्हात काम करणाऱ्या अशा माणसांनी अंगावरचा न भरणारा खरखरीत चट्टा स्किनच्या डॉक्टरला दाखवलाच पाहिजे. भारतात मात्र ही ट्रीटमेंट बऱ्याचदा पिंपल्ससाठी विचारली जाते. काम करते, तेलाच्या ग्रंथींमध्ये पॉर्फिरिन छान साठतं म्हणून, पण आपल्या कातडीला सूज आली की मागे काळे डाग राहायची सवय असते, आणि या ट्रीटमेंटमध्ये सूज तर येतेच. माझी चुलत बहीण पुण्यात चौकशी करत होती तेव्हा मी तिला हेच म्हटलं, की ताई, आधी गोळ्या-क्रीमचं सगळं करून झालंय का बघ, मग डॉक्टरला विचार की जेल किती वेळ ठेवणार आणि माझ्यासारख्या रंगाच्या किती पेशंटना केलंय. आणि पार्लरमध्ये जो लाल-निळा एलईडी मास्क लावतात त्याला फोटोडायनॅमिक म्हणू नका, त्यात औषधच नसतं. पिंपल्सचे जंतू स्वतःच थोडं पॉर्फिरिन बनवतात म्हणून निळ्या उजेडाचा थोडाफार फायदा होतो, पण ती ही ट्रीटमेंट नाही आणि पैसेही हिचे देऊ नका. आपल्याकडे कोडावर बावची लावून उन्हात बसायची जी जुनी रीत आहे तीसुद्धा वेगळी, त्यातलं सोरालेन अल्ट्राव्हायोलेटमध्ये काम करतं आणि तिथे पेशी मारायच्या नसतात, रंग परत आणायचा असतो. तेही मनानी करू नका, भाजून फोड येतात.

ज्यांना पॉर्फिरिया आहे त्यांना हे जेल चालत नाही, त्यांच्या अंगात पॉर्फिरिन आधीच जास्त असतं. सोयाची किंवा शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर अमेलुझ नको आणि मेटविक्सही नको, मेटविक्समध्ये तर शेंगदाण्याचं तेलच असतं. काळा, रंग बदलणारा तीळ असेल तर त्यावर हे अजिबात नाही, त्याची आधी बायोप्सी.

खर्चाचं, जे जर्मनीत आहेत त्यांच्यासाठी. उघड्यावर काम करून झालेले असे चट्टे २०१५ पासून इथे व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आहेत, नंबर ५१०३. वर्षभरात पाचपेक्षा जास्त चट्टे, किंवा ४ चौरस सेंटिमीटरपेक्षा मोठा सलग बिघडलेला भाग असेल तर त्यात बसतं, आणि मग आरोग्य विम्याऐवजी कामाच्या विम्याची संस्था खर्च करते. ओपांचं त्यातूनच झालं, रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी. शंका आली की कळवायचं काम डॉक्टरचंच आहे, पण आमच्या आधीच्या डॉक्टरनी ते कधी केलंच नाही, नवीन स्किनच्या डॉक्टरनी पहिल्याच भेटीत रिपोर्ट पाठवला. कुठल्या कंपनीत, कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत, दिवसातले किती तास बाहेर, हे सगळं विचारतात, तेव्हा जुनी पगारपत्रकं आणि कामाचे दाखले फेकू नका.